दोराला हात

मेस्त शाळेत शिरायचा तो खिडकीतून. दार सताड उघडं असलं तरी. पडवीकडच्या एका खिडकीचे दोन गज गळून गेले होते, तिथून आधी हत्यारांची पिशवी आत टाकायची, मग एक पाय, मग डोकं, आणि शेवटी कमरेला हात लावून दुसरा पाय. साठी उलटलेला माणूस. पहिल्या दिवशी मी म्हटलं, "मेस्तांनू, दार उघडां आसा." त्याने मान वर केली नाही. "आसांदे," म्हणाला आणि भिंतीला कान लावून उभा राहिला.

सुताराला आमच्याकडे मेस्त म्हणतात. हा होड्या बांधणारा. जन्मभर त्याने होड्याच केल्या. घर कधी बांधलं नाही, शाळा तर नाहीच. शाळेचं काम त्याच्याकडे आलं, कारण दुसरं कोणी ते घ्यायला तयार होईना.

आमचा जिल्हा रत्नागिरीपासून वेगळा होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. नव्या कचेऱ्या, नवे साहेब, नव्या योजना. गावाला टेकडीवर नवी शाळा मिळाली आणि समुद्राकडची जुनी शाळा रिकामी पडली. चिऱ्याच्या भिंती, मंगलोरी कौलं, एक लांबुळका वर्ग आणि त्याच्यापुढे तेवढीच लांब पडवी. तिथे बालवाडी आणि गावासाठी समाजकेंद्र करायचं असा कागद आला, आणि बालवाडीची बाई म्हणून माझी नेमणूक झाली.

मी मासे विकणारीची मुलगी. आमच्या वाडीतली पहिली बी.ए., मुलगे आणि मुली दोन्ही धरून. हे मी आजही कोणी न विचारता सांगते. आई पहाटेच्या गाडीने टोपली घेऊन वेंगुर्ल्याला जायची, तेव्हा माझ्या धाकट्या बहिणीला साडीच्या पट्टीने ओटीच्या खांबाला बांधून जायची. मी शाळेत, बापूस समुद्रात, मग पोर बघणार कोण? वाडीतल्या सगळ्याच बायका तसं करत. पाणी घरापासून वीस पावलांवर. पट्टी सुटली की पोर पाण्याकडेच जाणार. माझी नेमणूक व्हायच्या आदल्या वर्षी एक पट्टी सुटली होती. त्याबद्दल याहून जास्त लिहीत नाही.

म्हणून ती इमारत मला हवी होती. आणि देवळाकडच्या वरच्या गावाला ती सोसायटीच्या खताच्या गोदामासाठी हवी होती. वरच्या गावात पहिला शब्द गावकरांचा, म्हणजे देवळाच्या मुख्य मानकऱ्यांचा. साहेब पाहणी करून गेले आणि दोघांसाठी एकच अट कागदावर लिहून गेले : मिरगाच्या पावसाआधी मी पुन्हा येईन. चाळीस मुलं बसतील असं एक सलग दालन तयार असेल तर केंद्र, नसेल तर इमारत सोसायटीला. त्या कागदावर गावकरांनी सही केली. मीही केली. बी.ए.ची सही, झोकदार.

वर्ग अरुंद होता. सलग दालन हवं तर वर्ग आणि पडवी यांच्यामधली भिंत काढायला हवी होती, आणि त्या भिंतीवर निम्मं छप्पर टेकलेलं. आमच्याकडे नवं काम देवाला गाऱ्हाणं घातल्याशिवाय सुरू होत नाही. गावकर पुढे उभे राहून देवाला सगळं सांगतात, बाकीचे 'व्हय महाराजा' म्हणतात. गावकर म्हणाले, देवाला सांगण्यासारखं हे काम नव्हे. झालं. गावातला गवंडी दुसऱ्या दिवसापासून आजारी पडला आणि सुताराला बांद्याला लग्न निघालं.

तेव्हा हा खिडकीतून आत आला.

त्याचं मोजमाप टेपने चालत नसे. कमरेला सुंभाची दोरी, तिला गाठी. कुठली गाठ कशाची ते त्यालाच ठाऊक. मी रात्री जागून कागदावर नकाशा काढला होता. फळा इथे, कपाट इथे, मुलांच्या बसण्याच्या ओळी अशा. तो त्याने उलटा धरून बघितला आणि त्यावर तंबाखू मळली. माझा रागरंग बघून म्हणाला, "काय गो बी.ए., घर म्हणजे काय ता तुका ठावक आसा? होडी उपडी घातली काय घर. सगळो भार कण्याचो. कागदार कणो खंय दिसता?"

मला तो नावाने हाक मारत नसे. बी.ए.च म्हणायचा. त्यात थट्टा किती आणि मान किती हे मला कधी ठरवता आलं नाही, पण हाक मारली की मी जायचे.

दुसऱ्याच्या ताटातलं त्याला चालत नसे. दुपारी पेज आणि भाजलेला सुका बांगडा तो पडवीच्या टोकाला उभ्याने खायचा, समुद्राकडे तोंड करून. बसून खाल्लं की माणूस जड होतो आणि जड माणसाच्या हातून रंधा सरळ चालत नाही, असं त्याचं म्हणणं. लाकडाशी बोलायचा, तेही प्रेमाने नाही, शिव्या देत. माणसांना मात्र शिवी देत नसे. माणसांशी बोलताना त्यांच्या पायांकडे बघायचा. गावकर एकदा काम बघायला आले तेव्हा त्यांच्या वहाणांकडे बघून म्हणाला, "टाच झिजली तुमची. एकाच बाजून चलतास." गावकरांचे कान लाल झाले. मला हसू आलं आणि भीतीही वाटली, कारण गावकरांशी मला अजून पुष्कळ दिवस काढायचे होते.

आठ दिवस उरले तेव्हाची गोष्ट. भिंतीचा एक चिराही हलला नव्हता. रोज सकाळी छपरावर दोन-चार दगड पडलेले असायचे आणि फुटलेली कौलं खाली. कोण टाकतं ते सगळ्यांना माहीत होतं, नाव कोणी घेत नव्हतं. मी शाळेत गेले तर हा गुडघ्यांवर. गुडघ्यांवर रांगत, थांबत, मान वर करत, दोरी भिंतीला लावून कोळशाने खूण करत चाललेला. सकाळी बघितलं, दुपारी बघितलं, तिन्हीसांजेला बघितलं. गुडघ्यांची सालं निघाली होती. माझा धीर सुटला. मी म्हटलं, साहेब येऊन जातील आणि तुम्ही अजून रांगत असाल. लोक मला विचारतात, वेड्याच्या हातात काम दिलंस का, म्हणून.

तो म्हणाला, "पोरांचे डोळे खंय पडतत ता बघतंय. तुजो फळो खंय होतो? हंय." आणि माझ्या कपाळाच्या वर हात नेऊन दाखवला. "शिकतलो कोण? तू शिकान मोकळी झालंस."

मग, कोणी बघत नाही असं बघून, मीही गुडघ्यांवर बसले. तिथून दिसली ती फक्त भिंत. खिडक्यांचे उंबरे डोक्याच्या वर. समुद्र, ज्याचा आवाज खोलीभर होता, तो कुठेच दिसत नव्हता. त्याच्या खुणेप्रमाणे फळा दोन वीत खाली आला आणि मागच्या भिंतीतल्या खिडक्याही खाली घ्यायचं ठरलं. माझ्या नकाशातलं काहीच उरलं नाही. हे कबूल करायला मला बरीच वर्षं लागली.

खिडकीचं कोडं मला आईने सोडवून दिलं. चुलीपाशी मासे साफ करता करता, अगदी सहज. "तो तीन वर्सां होतो त्या शाळेत," म्हणाली. "भायर." वाडीतल्या मुलांना तेव्हा वर्गात घेत नसत. ती पडवीत बसायची. मास्तर आतून खिडकीपाशी येऊन शिकवायचे, पाटी गजांतून घ्यायचे, गजांतून परत द्यायचे. चुकलं तर छडीही गजांतूनच. वर्ग आतून कसा दिसतो हे मेस्ताने साठीनंतर, काम घेतलं तेव्हा, पहिल्यांदा बघितलं. माझ्या वेळेपर्यंत ते सगळं गेलं होतं. मी दारातून आत गेले, तिसऱ्या बाकावर बसले, आणि मला वाटायचं, सगळं माझ्याच हुशारीने झालं.

मी त्याला विचारलं. राग धरून दारातून येत नाही काय, असं. तो रंधा मारत होता. "खिडकेन माका शिकवल्यान," म्हणाला. "दरवाज्यान काय केल्यान?"

भिंत काढायचा दिवस त्याने आदल्या संध्याकाळी ठरवला. साहेब यायला तीन दिवस होते. तयारी झाली होती : भिंतीच्या डोक्याशी, वाशांखाली, नवी ऐनाची तुळई सारली होती. तिला वाडीतल्या होड्यांच्या चार डोलकाठ्यांचे टेकू. छपरातल्या कौलांच्या चार ओळी उतरवून तुळईला बांधलेले दोन जाड दोर वरून बाहेर काढले होते. अंगणात दोन उंच डोलकाठ्या रोवून त्यांच्या कप्प्यांवरून ते दोर खाली आणले होते. भिंत निघाली की तुळई काही वेळ टेकूंवर आणि दोरांवर तोलायची, आणि तेवढ्यात तिच्याखाली दोन खांब उभे करायचे. घरं बांधणारे असं करत नाहीत. पण होडी वाळूतून वर घेताना आम्ही हेच करतो.

वीस माणसं पुरतील, असं तो म्हणाला होता. सकाळी मी बघते तर दोरांवर नऊच. बाकीचे कुठे? पहाटेच ट्रकने फोंडाघाटाला गेले होते, रिपांचं लाकूड आणायला. पाठवलं कोणी? यानेच. मी म्हटलं, मग आजचं काम उद्यावर टाका. त्याने दक्षिणेकडे बोट दाखवलं. आभाळ काळं झालं होतं, आणि छप्पर तर आम्ही स्वतःच उघडं केलेलं. "आज नाय तर मगे नाय," म्हणाला आणि खिडकीतून आत गेला.

वरच्या गावाला बातमी लागली होती. वीस-पंचवीस माणसं रस्त्यावर येऊन उभी राहिली. सगळ्यांत पुढे गावकर, हातात मिटलेली छत्री. काय बघायला आले होते ते त्यांच्या उभं राहण्यावरूनच कळत होतं.

चिरे वरून एकेक निघू लागले. दाराची चौकट निघाली. मग खिडक्या निघाल्या, गजांसकट. भिंत कमरेएवढी राहिली, गुडघ्याएवढी राहिली. दार गेलं आणि खिडकीही गेली. आता तिथे कुठून आत शिरायचं हा प्रश्नच उरला नव्हता. मेस्त तुळईखाली उभा होता, एक हात तिच्या पोटाला लावून. पहिला खांब त्याच्या शेजारी आडवा पडलेला.

तुळई करकरत किंचित खाली आली. मेस्त म्हणाला, "एक बोट." आवाज नेहमीचाच. छपरातून माती सांडली. "दोन बोटां," म्हणाला, तसाच शांत. दोरांवरच्या नऊ जणांचे पाय वाळूत सरकायला लागले. बायका धावल्या. माझी आई, शेजारच्या काकी, सगळ्यांनी दोर धरले. तेवढ्यात एक टेकू तळातून घसरला आणि चिऱ्यांवर आदळला. तुळई पुन्हा खाली बसली. या वेळी मेस्ताने मोजलं नाही. त्याने दोन्ही हात वर लावले होते. बाहेर यायला वाट होती, पण तो येत नव्हता, कारण तो बाजूला झाला असता तर खांब उभा करायला दुसरं कोणी आत गेलं नसतं.

दोरांवर माणसं कमी होती. रस्त्यावर होती.

इथे रापणीची रीत सांगायला हवी. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. त्याच्या दोराला ज्याने हात लावला त्याला वाटा मिळतो. मग तो वाडीतला असो, परगावचा असो, वाटेने चाललेला भिकारी असो. आणि एकदा हात लावला की वाटा नको म्हणता येत नाही. नको म्हणणं म्हणजे दोराचा अपमान. म्हणून वरच्या गावातली माणसं रापण बघायला आली की लांब उभी राहत, हात पाठीशी बांधून. आत्ताही त्यांचे हात पाठीशीच होते.

गावकरांशी मी आजवर कचेरीतली मराठी बोलत आले होते. अर्ज, विनंती, महोदय. त्या दिवशी ती भाषा तोंडात आलीच नाही. मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, "काकानू, माणूस आत आसा. दोराक हात लावा."

ते हळू म्हणाले, "हात लावलंय तर काय जाता, तुका ठावक आसा?"

"आसा," मी म्हटलं. "म्हणानच सांगतंय."

मागे लाकूड कण्हत होतं. गावकरांनी एकदा मागे, आपल्या माणसांकडे बघितलं. मग छत्री माझ्या हातात दिली, वहाणा काढल्या आणि जाऊन दोर धरला. माझ्या आईच्या पुढे, तिच्या हातांना त्यांचे हात लागतील एवढ्या जवळ. त्यांनी धरल्यावर बाकीचेही आले. कोणीतरी रापणीची हाळी दिली आणि सगळे तिच्या तालावर मागे सरले. वरच्या गावातल्यांना ताल माहीत नव्हता. दोन हिसक्यांत कळला.

तुळई उचलली गेली. खांब उभा राहिला. पाचर मारल्याचे घाव ऐकू आले : एक, दोन, तीन. मग दुसरा खांब. मग आतून मेस्ताचा आवाज आला, "सोडा आता." कोणीच सोडेना. हात दोरांना चिकटल्यासारखे झाले होते.

तो बाहेर आला तो मातीने लाल झालेला. एका खांद्यावरून रक्त आलं होतं. त्याने कोणाचे आभार मानले नाहीत. गावकर वहाणा पायात घालत होते. त्यांच्या पायांकडे बघत तो म्हणाला, "वाटो घेवन जावा."

"कसलो वाटो?"

"नातवंडा आसत मा तुमची? ती हंय बसतली. हो तुमचो वाटो. सगळ्यांनी हात लावल्यानी, सगळ्यांचो वाटो आसा. आता तुमच्या वाट्याच्या जाग्यात तुमका खत भरूचा आसात, तर भरा."

नाही म्हणायला जागा नव्हती. आजूबाजूला पन्नास माणसं उभी होती आणि सगळ्यांच्या तळव्यांवर दोराचे वळ होते. गावकरांनी माझ्याकडे हात केला. "छत्री दी," म्हणाले.

मेस्ताने अंधार पडायच्या आत कौलं परत चढवून घेतली. ट्रक संध्याकाळी रिकामाच आला. लाकूड मिळालं नाही, असं कळलं. मला तेव्हा त्याचं काही वाटलं नाही. तिसऱ्या दिवशी साहेब आले. त्यांनी विचारलं, गावाचं म्हणणं काय? गावकर पुढे झाले आणि शुद्ध भाषेत म्हणाले, "दालन तयार आहे. मोजून घ्यावं." खताचं नावही निघालं नाही. ते काही चांगले झाले नव्हते. नंतरही मला कधी बस म्हणाले नाहीत. पण जूनमध्ये त्यांची नात आली, गड्याचं बोट धरून, वेणीत अबोली माळून, आणि आमच्या वाडीतल्या पोरांच्या ओळीत बसली. वाडीतल्या ओट्यांवरून साडीच्या पट्ट्या निघाल्या. बायका टोपल्या डोक्यावर घेऊन आधी माझ्याकडे यायच्या, पोर उतरवायच्या, आणि मग गाडीला जायच्या. दुपारी त्याच दालनात बायकांची सभा भरायची. कोणी शिवण शिकायचं, कोणी नुसतंच अंग टाकायचं.

फोंडाघाटाची गोष्ट मला दिवाळीनंतर कळली. ट्रकमधल्यांपैकी एकजण बोलता बोलता बोलून गेला, की लाकडाचं काही ठरलंच नव्हतं. मेस्ताने सांगितलं होतं, घाटाखाली जा, चाय पिया, संध्याकाळी या.

मी तशीच किनाऱ्यावर गेले. तो एका होडीखाली आडवा पडून फळ्यांच्या फटींत कापूस भरत होता. मी विचारलं, मुद्दाम केलंत ना? माणसं कमी ठेवलीत. तुळई खाली येणार हे तुम्हाला आधीच माहीत होतं. माझी आई त्या दोरावर होती. मी गावकरांसमोर हात जोडायचीच बाकी होते. माझा आवाज चढला होता. त्याने मला बोलू दिलं. कापूस छिन्नीने आत सारत राहिला.

"दोन बोटां उतरतली ह्या माका ठावक होता, बी.ए.," शेवटी म्हणाला.

"आणि तिसरां?"

त्याने हातोडी उचलली.

"तिसऱ्याचा माका ठावक नव्हता," म्हणाला. हातोडी त्याने खाली ठेवली नाही. पण पुढचा घाव घालायला त्याला बराच वेळ लागला.